पटावर नसलेली मुलं

फार पूर्वीची गोष्ट आहे. एका नदीकाठी एक छोटा परगणा होता. या टोकाकडून त्या टोकाला जायला बैलगाडीला पुरता दिवस लागे. परगण्यात तीन शाळा होत्या. एक पेठेत, एक मळ्यांच्या वस्तीत आणि एक पार डोंगराच्या कुशीत, दगडाच्या खाणीवर. तिन्ही शाळांचा खर्च परगण्याच्या कोठारातून चाले. दर पाडव्याला कोठारातलं धान्य शाळांना वाटून दिलं जाई आणि त्या धान्यातच मास्तरांचं पोट, छपराची कौलं, पाट्या, चटया, सगळं भागवायचं असे.

हे वाटप करणारा माणूस होता त्र्यंबकपंत. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात तो एकटा आणि त्याचं माप. वाटपाचा नियम त्याला तोंडपाठ होता: पटावरच्या दर मुलामागे चार पायल्या. कुणाला दाणा कमी नाही, कुणाला दाणा जास्त नाही. अकरा वर्षं त्याने असंच वाटप केलं. पेठेतल्या मोठ्या शाळेचे मास्तर असोत की खाणीवरच्या बाई, पंताचं माप कुणासाठी वाकलं नाही. लोक म्हणत, "पंताच्या हातात तराजूच आहे." हे ऐकलं की पंताला दोन घास जास्त जात.

संध्याकाळी त्याच्या ओसरीवर वामनराव येत. वामनराव पेठेतल्या शाळेचे मुख्य मास्तर. दोघं एकाच वर्गात, एकाच चटईवर बसून शिकलेले. वामनराव आले की पंत सतरंजी अंथरायचा, सुपारी कातरायचा. कधी गप्पा होत, कधी दोघं नुसतेच रस्त्याकडे बघत बसत. दिवसभरात पंताशी माणूस म्हणून बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

एका पाडव्याला खाणीवरच्या हरणाबाई धान्य न्यायला आल्याच नाहीत. एरवी त्या आदल्या दिवशी डोंगर उतरून येत, रांगेत शेवटी बसत आणि आपली पोती घेऊन मुकाट्याने परत जात. त्यांना ताप असल्याचा निरोप एका गाडीवानाने आणला. खाणीच्या शाळेच्या पटावर एकोणीस मुलं होती. पंताने शहात्तर पायल्या मोजल्या, पोत्यांची तोंडं शिवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच गाडी जोडली. अकरा वर्षांत तो खाणीवर कधी गेला नव्हता. पेठेतल्या माणसाला तिकडे काम तरी काय असणार?

तो पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. शाळा म्हणजे दगडांच्या चार भिंती आणि वर अर्धं छप्पर. हरणाबाई गोधडी पांघरून उंबऱ्याशी बसल्या होत्या आणि तशा तापातच पाढे म्हणून घेत होत्या. समोर दहा-बारा मुलं होती. पंताने विचारलं, "बाकीची?"

"पाण्याला गेलीत. ओढा खाली आहे. जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो. आज त्या सातांची पाळी, उद्या दुसऱ्या सातांची."

पंत एका दगडावर टेकला. समोर दहाएक वर्षांची एक मुलगी होती, बायजा तिचं नाव. कडेवर तिचा लहान भाऊ होता. एका हाताने त्याला सावरत ती दुसऱ्या हाताने पाटीवर लिहीत होती. पोर रडलं की उठायची, झुलवायची, पुन्हा बसायची. तिसऱ्यांदा उठली ती बसलीच नाही.

"का गं थांबलीस?" पंताने विचारलं.

"ह्यो झोपला की लिव्हीन."

"आणि झोपलाच नाही तर?"

"मग उद्या," बायजा म्हणाली. आभाळ आलंय म्हणावं, तितक्या सहज.

मध्यान्ह झाली. पेठेतल्या शाळेत या वेळी शिदोऱ्या सुटत आणि सगळी शाळा लोणच्याच्या वासाने भरून जाई. इथे कुणी काहीच सोडलं नाही. तीन-चार मुलं पाटीवर डोकं टेकून आडवी झाली. पंताच्या मनात आलं, काय आळशी पोरं आहेत. हरणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "झोपलं की भूक कमी लागते, पंत."

पलीकडून हातोड्यांचा आवाज येत होता. पंत उठून खाणीच्या काठापर्यंत गेला. खाली मोठी माणसं दगड फोडत होती आणि त्यांच्या बाजूला रांगेने बसून मुलं खडी फोडत होती. काही पोरी झाडाला बांधलेल्या झोळ्या हलवत होत्या. पंताला मोजायची सवयच होती. त्याने मोजलं. एकेचाळीस.

तो परत आला. "बाई, ही मुलं पटावर का नाहीत?"

"कशी येणार? ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना तान्हं सोडता येत नाही. ज्यांच्या घरी खायला नाही त्यांना हातोडा सोडता येत नाही."

"मग तुम्ही मला आजवर सांगितलं का नाही?"

हरणाबाईंनी गोधडी सावरली. मग म्हणाल्या, "तुम्ही विचारायचात, पटावर किती? मी सांगायचे, एकोणीस. तुमचं माप खोटं नाही, पंत. पण तुम्ही शाळेच्या दारात उभे राहून मोजता. जी मुलं दारापर्यंत पोचतच नाहीत, ती तुमच्या मापात कधी येणार? पटावर नाहीत म्हणून त्यांचं धान्य नाही, आणि धान्य नाही म्हणून ती पटावर नाहीत."

"धान्य असतं तर काय केलं असतं?"

या प्रश्नाला बाईंनी एक क्षणही लावला नाही. "तान्ही सांभाळायला एक म्हातारी ठेवली असती. पाण्याला एक गडी. आणि दुपारी दर मुलाला एक भाकरी. पाट्या-पुस्तकांचं नंतर बघितलं असतं."

परतताना गाडी रिकामी होती, तरी पंताला ती जड वाटत होती. अकरा वर्षं आपण सगळ्यांना सारखं दिलं आणि तोच न्याय समजून झोपलो, हे त्याच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने वामनरावांना सगळं सांगितलं. वामनरावांना वाईट वाटलं, ते खरंच वाईट वाटलं होतं. पण पंत पुढे म्हणाला, "कोठार तर वाढणार नाही. मला वाटतं, सगळ्यांना दर मुलामागे तीन पायल्या द्याव्यात. उरलेलं धान्य जिथे अडचणी जास्त तिथे जावं."

वामनरावांची सुपारी हातातच राहिली. "म्हणजे माझ्या शाळेचं काढून?"

"सगळ्यांचंच थोडं थोडं."

"थोडं माझंच जास्त जाणार. मुलं माझ्याकडे जास्त आहेत. आणि त्र्यंबका, माझ्या शाळेत काय सगळे सावकारांचेच मुलगे आहेत? नदीच्या घाटाखालच्या आळीतली पोरंही माझ्याकडेच येतात. त्यांनी काय पाप केलं?"

"मग ती मोज. जी उपाशी येतात, ज्यांना घरचं काम करून यावं लागतं, ती सगळी मोज. खाणीवरच्या मुलाला जे मिळेल तेच त्यांनाही मिळेल."

वामनरावांनी सुपारी खाली ठेवली. वीस वर्षं शाळा चालवली, पण ही मोजणी त्यांनी कधी केली नव्हती. शेवटी ते उठले. "आपल्या शाळेत अशी मुलं आहेत हे मी चव्हाट्यावर मांडू? लोक आपली पोरं काढून घेतील."

त्यांनी मोजली नाहीत, तेव्हा पंताने मोजली. वर्षभर तो पायपीट करत राहिला. घाटाखालच्या आळीत गेला, मळ्यांच्या वस्तीत गेला, खाणीवर पुन्हा तीनदा गेला. घराच्या दारात उभं राहून विचारायचा, काल चूल पेटली का, पाणी कुठून आणता, तान्हं कोण बघतं. पेठेच्या शाळेत अशी बावीस मुलं निघाली, मळ्यात सतरा, आणि खाणीवर पटावरची व पटाबाहेरची मिळून साठ.

पाडव्याला चार दिवस उरले असताना त्याने ही मोजणी पंचांपुढे ठेवली. पंचांमध्ये कुजबुज झाली. थोरले पंच वयस्कर होते, सावध होते. ते म्हणाले, "पंत, बोलता ते खरं आहे. पण पेठ नाराज होईल. जुना नियम आहे तसा ठेवला तर कुणी तुम्हाला बोट लावणार नाही. नवा करायचा असेल तर आमची ना नाही, पण तो तुमच्या नावाने वाचला जाईल. बघा, आजच सांगा असं नाही."

पंताला वामनराव आठवले, ओसरी आठवली. मग ती 'मग उद्या' म्हणणारी पोर आठवली.

"आजच सांगतो," तो म्हणाला. "माझ्या नावाने वाचा."

पाडव्याला चावडीपुढे नियम वाचला गेला. पेठेच्या शाळेचं सव्वाशेहून जास्त पायल्या धान्य कमी झालं. माडी चढवायचं ठरलं होतं, ते राहिलं. शाळेत गाणं शिकवायला एक मास्तर होते. त्यांना ठेवणं जमेना. ते गाव सोडून निघाले तेव्हा त्यांचा रस्ता पंताच्या दारावरूनच जात होता. पंत पुढे झाला, काहीतरी बोलावं म्हणून. मास्तरांनी तंबोऱ्याची गवसणी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मान खाली घालून पुढे गेले. पंताला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण बरोबर केलं हे त्याला माहीत होतं, पण म्हणून त्या माणसाची पाठ दिसायची थांबली नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी त्याने सतरंजी अंथरली होती. वामनराव आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्याने अंथरली, तिसऱ्या दिवशीही. आठ दिवसांनी त्याने ती घडी करून माळ्यावर टाकली.

गावाने त्याला वाळीत टाकलं नाही. कुणी शिवी दिली नाही, दारावर दगड मारला नाही. शिवी दिली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं. वाणी सामान तोलून द्यायचा, पण आता तो पंताला नदीच्या पाण्याचं काही विचारत नसे. पाराजवळ गेलं की बोलणं थांबायचं आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायचं. संक्रांतीला पंताने तिळगूळ आणून डबा भरून ठेवला. दिवसभर तो दाराशी बसून होता. दिवे लागायच्या वेळी त्याने त्यातला एक लाडू स्वतःच खाल्ला आणि डब्याला झाकण लावलं.

एकदा त्याला ताप भरला. चार दिवस तो घरात पडून होता. पाचव्या दिवशी बाहेर आला तेव्हा दाराशी दुधाची चार लोटकी तशीच नासलेली होती. गवळणीने नेमाने दूध ठेवलं होतं, पण आदल्या दिवसाचं लोटकं का उचललं नाही, हे विचारायला दार वाजवलं नव्हतं.

पुढचा पाडवा आला. खाणीच्या पटावर एकोणीसची तेवीस मुलं झाली होती. थोरल्या पंचांनी भुवया उंचावल्या. "तिपटीहून जास्त धान्य दिलं, आणि वाढली चारच?"

"चारच," पंत म्हणाला.

"आणखी एक-दोन वर्षं बघू," पंच म्हणाले. पण त्यांच्या स्वरात पूर्वीचा विश्वास नव्हता.

पंताच्याही मनात किडा शिरला. आपलंच चुकलं असेल तर? एका मास्तराचं पोट मारलं, मित्र गेला, आणि हाती आलं काय, तर चार मुलं. हे कुणाला तरी विचारावं असं त्याला फार वाटलं. विचारायला कुणी नव्हतं. शेवटी त्याने गाडी जोडली आणि खाणीची वाट धरली.

शाळेच्या भिंतीआड तो थांबला. छप्पर अजून अर्धंच होतं. पण एका कोपऱ्यात एक म्हातारी पाय पसरून बसली होती आणि तिच्याभोवती सात-आठ तान्ही रांगत होती. दाराशी पाण्याचे दोन रांजण भरलेले होते. चुलीवर भाकरी फुगत होती. आणि बायजा लिहीत होती. तिच्या कडेवर कुणी नव्हतं. डाव्या हाताने पाटी घट्ट धरून, उजव्या हाताने लिहीत होती. ओळ संपली की पुसायची आणि पुन्हा लिहायची. तिने मान वर केली नाही. कुणीच केली नाही. पंत बराच वेळ तिथे उभा होता आणि तो आलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तो तसाच परत फिरला. वाटेत त्याला जाणवलं, आपल्याला आता कुणाला काही विचारायचं राहिलेलं नाही. एकटेपण मात्र होतं तिथेच होतं, बैलांच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

त्यानंतरच्या वर्षी पट चव्वेचाळीसचा झाला. चार मुलांनी येऊन चाळीसांना सांगितलं होतं, की शाळेत भाकरी मिळते आणि तान्हं आणलं तरी चालतं. त्याच्या पुढच्या वर्षी अठ्ठावन्न. खाणीवरच्या हातोड्यांत आता लहान आवाज फारसे उरले नव्हते. पंचांनी मान डोलावली, नियम कायम झाला. पेठेत मात्र त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मग चौथ्या वर्षी नदी फुगली. श्रावणात सात दिवस पाणी उतरलं नाही. घाटाखालची आळी धुऊन निघाली. भिंती गेल्या, चुली गेल्या, भरलेल्या कणग्या गेल्या. माणसं वाचली, पण ओल्या मातीत उघड्यावर आली. त्या आळीतली मुलं आता शाळेऐवजी आईबापांबरोबर चिखल काढत होती, भिंती रचत होती. पेठेच्या शाळेचे दोन वर्ग ओस पडले.

जुना नियम असता तर पेठेची शाळा आणखी खड्ड्यात गेली असती. पटावरची मुलं घटली, की धान्यही घटलं असतं.

दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी पंताच्या दारावर थाप पडली. बाहेर वामनराव उभे होते. केस पुरते पिकले होते, धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल होता. हातात एक कागद होता.

"बसा," पंत म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने वामनरावांना अहो-जाहो केलं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं.

वामनराव बसले नाहीत. कागद पुढे करत म्हणाले, "मोजली. घरोघर जाऊन मीच मोजली. एकशे सहा मुलं. ज्यांच्या घरी चूल नाही, आणि जी चिखलात राबतायत. तुझ्या नियमात बसतील का?"

पंताने कागद वाचला. एकेक नाव, त्यापुढे आईबापांचं नाव, त्यापुढे अडचण. अक्षर ओळखीचं होतं. तो म्हणाला, "बसतील. नियम घरं बघून केलाय, कुणाची शाळा ते बघून नाही."

पण कोठार तेवढंच होतं. पेठेला जास्त द्यायचं तर खाणीचं कमी होणार होतं. हे सांगायला पंत स्वतः डोंगर चढून हरणाबाईंकडे गेला. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमच्या लोकांनी औंदा विहीर खणलीय. पाणक्याचा वाटा त्या मुलांना द्या. तान्ही सांभाळणाऱ्या आजीचं आम्ही वस्तीत वर्गणीने भागवू. पण दुपारची भाकरी मात्र काढू नका, पंत. ती काढलीत तर मी खाली येऊन तुमच्या दारात बसेन."

"नाही काढणार," पंत म्हणाला.

पाडव्याला पेठेच्या शाळेला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं एवढं धान्य मिळालं. दुपारी तिथेही चूल पेटू लागली. आषाढ लागायच्या आत घाटाखालची बहुतेक मुलं वर्गात परत आली. ज्या वाण्याने चार वर्षं पंताशी चकार शब्द काढला नव्हता, त्याचा भाचाही त्या मुलांत होता. वाण्याने एक दिवस तराजू खाली ठेवून विचारलं, "पंत, नदीचं कसं काय वाटतं औंदा?"

वामनराव पुन्हा येऊ लागले, पण पूर्वीसारखे रोज नाहीत. चार वर्षांची खाच अशी एका पावसात भरत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "त्र्यंबका, त्या चार वर्षांत तुला एकटं नाही वाटलं?"

"वाटलं. रोज वाटलं."

"मग नियम बदलावासा वाटला नाही कधी?"

पंत म्हणाला, "वाटला. तू यायचा बंद झालास तेव्हा वाटला, ताप आला तेव्हा वाटला. पण मी एकटा पडलो होतो तो माझ्या घरात. खायला होतं, अंथरूण होतं. ती पोरं शाळेच्या दारापासून हाकेच्या अंतरावर एकटी पडली होती, आणि त्यांना कुणी मोजतसुद्धा नव्हतं."

वामनराव पंताच्या थोडं जवळ सरकून बसले.

तात्पर्य: सगळ्यांना सारखं देणं सोपं असतं, कारण त्यासाठी कुणाच्या दारी जावं लागत नाही. ज्याची वाट चढाची, त्याच्या पदरात जास्त घालावं, आणि जो अजून वाटेलाही लागलेला नाही त्याला आधी मोजावं. असा न्याय करणाऱ्याला काही काळ एकट्याने चालावं लागतं. तेवढी तयारी ठेवूनच माप हातात घ्यावं.